मदत हवी आहे: विंटर टायर बसवले तर इन्शुरन्सचं काय?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत बोरिवलीहून मनालीला आपल्याच गाडीने जायचा बेत आहे. बर्फासाठी विंटर टायर घ्यावेत म्हणतोय. त्यांचं रबर ७ अंशांखालीही कडक होत नाही. (मुंबईत ते कधी वापरणार, हा बायकोचा प्रश्न रास्तच आहे.)

टायरवाला म्हणतो, १६ इंची अलॉय रिम काढून ठेवा, १५ इंची लोखंडी रिमवर जाड टायर चढवा. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, शिवाय दरवेळी टायर रिमवरून उतरवायची कटकट नाही. पण गाडी घसरून ठोकली तर नुकसान बघायला येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर ‘मॉडिफिकेशन’ म्हणून क्लेम अडवेल का? काल रात्री चष्मा लावून पॉलिसी वाचली. टायरची भरपाई गाडीचंही नुकसान झालं तरच, तीही ५० टक्के. रिमच्या मापाबद्दल अवाक्षर नाही. एजंट म्हणतो, “काय होत नाय, बिनधास्त जावा.” तेच मेलवर लिहून द्या म्हटलं, तर दोन दिवस फोन उचलत नाही.

कुणी रिम बदलल्याची नोंद पॉलिसीवर करून घेतली आहे का? प्रीमियम वाढला का? आणि परत आल्यावर अलॉय चढवले की पुन्हा कळवायचं का?