कोर्टाने एफबीआयला कळवलं तर बिघडलं कुठे?

रिचमंडचा राजाभाऊ

परवा मुलांच्या मानसिक आरोग्यावरच्या चर्चेत एकाने ठोकून दिलं, "अमेरिकेत सायकियाट्रिस्टची पायरी चढलात की कोर्ट तुमचं नाव एफबीआयला कळवतं. बंदूकवाले मोकाट, आजारी माणूस यादीत." खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण इतकं लांबलं की वेगळा धागा काढला.

पायरी चढून काही होत नाही. १९६८च्या कायद्याने या कारणावरून बंदूक बंद आहे ती दोघांना. कोर्टाने किंवा तशा अधिकाऱ्याने ज्याला मानसिक कारणाने धोकादायक किंवा स्वतःचा कारभार सांभाळायला असमर्थ ठरवलं तो, आणि सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेला. आपणहून अ‍ॅडमिट झालेला यात येत नाही, काउन्सेलिंग तर नाहीच. बंदूक विकण्याआधी दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव एफबीआयच्या यादीत तपासून घेतो, म्हणून नावं तिथे कळवायची. पण दुकानदाराला आजारही कळत नाही. त्याला उत्तरं तीनच मिळतात: विका, थांबा, नाही.

आता न कळवल्याने काय होतं ते बघा. डिसेंबर २००५ मध्ये आमच्या व्हर्जिनियात एका विद्यार्थ्याला कोर्टाने 'स्वतःच्या जिवाला धोका' ठरवलं, पण दाखल न करता बाहेरून उपचार घ्यायला सांगितले. राज्य नावं पाठवायचं ती फक्त दाखल केलेल्यांची. याचं गेलंच नाही. दोन पिस्तुलं घेतली, दोन्ही वेळा तपासणीत पास. १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, त्याने ३२ माणसं गोळ्या घालून मारली. त्यांत आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनी होती, तिथे शिकवणारे लोगनाथन सर होते. नंतर दोन आठवड्यांत गव्हर्नर केन यांनी आदेश काढून ती फट बुजवली. एका कागदाचं काम होतं! खासगीपणाचे गळे काढणाऱ्यांनी जाऊन त्या आईबापांना समजवावं.

पिट्सबर्गची वहिनी

राजाभाऊ, शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत तर गप्प बसले असते.

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम '३०२' ऐकलंय का कधी? डॉक्टरने सही केली की माणसाला सक्तीने १२० तासांपर्यंत रुग्णालयात ठेवून घेता येतं. न्यायाधीश नाही, सुनावणी नाही. सुनावणी येते ३०३ला, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर. बंदुकीवरची बंदी मात्र ३०२लाच लागते आणि नाव स्टेट पोलिसांकडे जातं. माझ्या नणंदेच्या मुलाने सेमिस्टर बुडाल्यावर रात्री मित्राला भलतासलता मेसेज केला. मित्राने पोलिसांना फोन केला. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने उभ्याउभ्या चार प्रश्न विचारून कागद भरला, दुसऱ्या दिवशी पोरगा घरी. पुढे शिकला, सावरला. बँकांची रोकड नेणाऱ्या कंपनीत बंदूकधारी रक्षकाची नोकरी लागत होती, तिथे हे बाहेर आलं. आता वकील गाठा, कोर्टात अर्ज करा. तुमचं ते 'कोर्टाने ठरवलं' यात कुठे बसतं?

रिचमंडचा राजाभाऊ

बरं बाई, पेनसिल्व्हेनिया वाईट. झालं समाधान? मग ३०२ला सुनावणी जोडा म्हणा. कळवणंच बंद करा हा कुठला न्याय? आणि मित्राने फोन केला म्हणून पोरगा आज आहे, तेही लिहा की.

पिट्सबर्गची वहिनी

फोन करायला नको होता असं मी कुठे म्हटलं? दुसऱ्याच्या तोंडात वाक्यं कोंबायची तुमची खोड जुनी आहे. गणपतीच्या वर्गणीच्या वेळीही हेच केलं होतंत.

डेटाबेसचा हमाल

तुम्ही दोघं असे भांडताय जणू सगळी कोर्टं रोज संध्याकाळी निकाल वर पाठवतात. मी एका काउंटीत (नाव विचारू नका, बिल अजून अडकलंय) याच नोंदींचं काम केलंय. प्रोबेट कोर्टातल्या (मृत्युपत्रं, पालकत्व, सक्तीने दाखल करणं हे जिथे चालतं) फायली सीलबंद. कुठे जन्मतारीख नाही, कुठे मधलं नाव नाही. क्लार्कबाई म्हणायच्या, "हे पाठवायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

आणि खरी मेख पुढे आहे. १९९७ला प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की बंदुकीची तपासणी करा असं केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांवर लादू शकत नाही. मग राज्यांना नावं पाठवायला लावणार कसं? उरतं आमिष. व्हर्जिनिया टेकनंतर जानेवारी २००८ मध्ये बुश यांनी सही केलेला कायदा तोच आहे: नोंदी पाठवा, अनुदान घ्या, आणि बंदी उठवायचा मार्गही ठेवा. वहिनी, शेवटचा भाग तुमच्या कामाचा. राजाभाऊ, तुम्ही तो सोयीस्कर गाळलात.

सरकारी खात्यांचाही उजेडच. २०१७ला टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ माणसं गेली. मारणाऱ्याला हवाई दलाच्याच कोर्टाने घरच्यांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती कळवलीच नव्हती. ते प्रकरण मानसिक आजाराचं नाही, पण रोग तोच.

एच-वन हरी

एवढं रामायण कशाला? आपण व्हिसावाले, आपल्याला बंदूक घेताच येत नाही. विषय संपला.

ओहायोचा अण्णा

येते. राज्याचं हंटिंग लायसन्स काढलं की व्हिसावाल्यालाही चालतं, कायद्यातच अपवाद आहे. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी घेतल्यात.

एच-वन हरी

म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून हरणं मारायची? धन्य!

ओहायोचा अण्णा

कोंबडी खाताना कुठे जाते तुझी दया? मी लायसन्सचा कोर्स केलाय, वाचून बोलतोय. तू ऐकीव बोलतोयस.

एच-वन हरी

कोर्स केला म्हणून अक्कल येत नसते, अण्णा.

नाशिकचे नाना

मुलांनो, भांडू नका. आमच्याकडे शस्त्र परवान्याला मानसिक प्रकृतीचं डॉक्टरी सर्टिफिकेट लागतं, २०१६च्या नियमांत आहे. वर पोलिस घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात. निवडणूक लागली की बंदूक चौकीत जमा. शेतावर बिबट्या येतो म्हणून परवाना काढताना माझ्या चपला झिजल्या.

ओहायोचा अण्णा

नाना, सर्टिफिकेट कसं मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

नाशिकचे नाना

मला रीतसर मिळालंय. तोंड सांभाळून बोल.

समुपदेशक, न्यू जर्सी

हरणं आणि बिबटे आटोपले असतील तर एक सांगते. माझ्याकडे आपली मुलं येतात ती दाराशीच विचारतात, "हे ग्रीन कार्डच्या फाईलला लागेल का?" राजाभाऊंनी खोडलेली अफवा मला दर आठवड्याला भेटते. कायदा बरोबर सांगितलात, त्याबद्दल आभार. पण 'आईबापांना समजवावं' हे वाचून त्यातलं एखादं पोर येणारच नाही.

वहिनी, तुमच्याशीही माझं जमत नाही. २०२१ला अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. अशा वेळी हाताशी बंदूक नसणं हाच निम्मा उपचार असतो. भाच्याची बंदी आज जाचक वाटते, त्या रात्रीच्या पुढच्या महिन्यात ती जाचक नव्हती. मुदत हवी, हे खरं. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा असं सक्तीने ठेवून घेतलं तर बंदी पाच वर्षांची असते.

पिट्सबर्गची वहिनी

पाच वर्षं असती तर मी इथे लिहायलाच आले नसते.

रिचमंडचा राजाभाऊ

ते एक वाक्य काढतो. बाकी अक्षर बदलणार नाही.

डेटाबेसचा हमाल

काढा, न काढा. २०२३ला मेन राज्यातल्या लुइस्टनमध्ये गोळीबार करणारा माणूस हल्ल्याच्या काही महिने आधी मनोरुग्णालयात राहून आला होता. सक्तीचा कोर्ट आदेश झालाच नाही, मग कळवणार काय? १८ गेले. तुमच्या दोघांच्याही नियमांत तो बसत नाही.

एच-वन हरी

अण्णा, लायसन्सची फी किती? मित्र विचारतोय.