मदत हवी आहे : संकेतस्थळावरील अ‍ॅनिमेशनसाठी लॉटी की राइव्ह?

नमस्कार. मुलांच्या एका मराठी संकेतस्थळासाठी मी हलती चित्रे तयार करत आहे आणि लॉटी की राइव्ह (दोन्ही संकेतस्थळावर अ‍ॅनिमेशन चालवणारी साधने), या निर्णयापाशी काम अडले आहे. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असल्यामुळे तेथील काम बॉडीमूव्हिन या जोड-प्रोग्रामने जेसन फाइलमध्ये (मजकूर स्वरूपातील माहितीची फाइल) उतरवून लॉटीने दाखवणे मला सोयीचे आहे. मात्र आफ्टर इफेक्ट्समधील सगळेच परिणाम त्यात उतरत नाहीत आणि चित्राने स्पर्शाला प्रतिसाद द्यावा असे वाटल्यास साध्या जेसन फाइलीसोबत वेगळा कोड लिहावा लागतो. राइव्हमधील स्टेट मशीनमुळे (कोणत्या कृतीने चित्र कोणत्या अवस्थेत जाईल हे ठरवणारी सोय) झोपलेले मांजर, कर्सर जवळ येताच त्याने उघडलेला एक डोळा आणि क्लिक केल्यावर मारलेली उडी, या अवस्था डिझायनरलाच जोडता येतात, पण त्यासाठी सर्व चित्रांची हालचाल नव्याने बांधावी लागेल. (२०२० च्या अखेरीस संकेतस्थळांवर अ‍ॅनिमेशन दाखवणारा फ्लॅश प्लेअर बंद झाल्यापासून एकाच साधनावर विसंबण्याची मला धास्तीच वाटते.) जीसॅप ही अ‍ॅनिमेशनसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी २०२५ पासून पूर्णपणे मोफत आहे, परंतु ते कोड लिहिणाऱ्यांचे साधन.

खरी अडचण देवनागरीची आहे. पूर्वीच्या एका साधनात ‘लक्ष्मी’ लिहिल्यावर क आणि ष सुटे होऊन त्यांचे पाय मोडलेले दिसत. अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे मजकुराचे चित्र करून, वेळ निभावली, पण शुद्धलेखनाची एक दुरुस्ती आली की सगळे पुन्हा करावे लागे.

जोडाक्षरांसह बदलता येणारा मराठी मजकूर यांपैकी कशात कोणी प्रत्यक्ष चालवला आहे का? तसेच साध्या अँड्रॉइड फोनवर एकाच पानावर पाच-सहा चित्रे हलत असताना कोणते साधन अडखळत नाही, हेही कृपया सांगावे.