मागच्या सीटवर आई बसते, काय बदलू?

शनिवार

बी ४०४, सकाळी ७:४२
नमस्कार मंडळी. एक सल्ला हवाय. दर आठवड्याला आईला मोटरसायकलवरून मावशीकडे नेतो. जाताना ३० किमी, येताना ३०. गेला महिनाभर अर्ध्या वाटेतच म्हणते, "थांब जरा." उतरली की दोन मिनिटं तिला नीट उभं राहता येत नाही. डॉक्टरांना दाखवलंय, हाडाला काही नाही, बसायची पद्धत सुधारा म्हणाले. गाडी आठ वर्षं जुनी आहे, पण इंजिन उत्तम चालतंय, त्यामुळे बदलायची नाही. मागच्या सीटचं काय करता येईल? जेल पॅड, फोम, कव्हर, कुणी काही करून पाहिलंय का?

ए १०१ काका, ७:५०
चांगली जाड मऊ गादी टाकून घे. बाकी काही नाही.

डी २०१, ७:५३
जेल पॅड मागव. मी वापरतो.

सी २०२ ताई, ८:०५
काका, मऊ नको हो! तीच चूक मी केली होती, म्हणून सांगते. आम्ही दोघं लांबच्या प्रवासाला मोटरसायकलवरूनच जातो आणि मी कायम मागे. माझ्या सीटवर तीन इंची मऊ फोम बसवून घेतला होता. पहिली दहा मिनिटं वाटलं, आता कितीही लांब जाऊ. पाऊण तासात फोम दबून सपाट झाला आणि खालचं प्लास्टिक हाडांना लागायला लागलं. वर मांड्या फोममध्ये रुतलेल्या, त्यामुळे पायांना मुंग्या. बसताना आपला भार दोन हाडांवर असतो. त्या हाडांखाली फोम शेवटपर्यंत दबला नाही तरच उपयोग. म्हणून खाली घट्ट फोम आणि वर जेमतेम इंचभर मऊ थर, असं करतात.

सीट बोटाने दाबून बघू नका, बोटाला सगळंच मऊ लागतं. गुडघा टेकवून अंगाचा भार टाका. खालचं प्लास्टिक लागलं तर तो फोम कामाचा नाही.

डी २०१, ८:०९
पण माझ्याकडे 'हाय डेन्सिटी' लिहिलेला फोम आहे. तो घट्टच असणार ना?

सी २०२ ताई, ८:१४
तसं नसतं दादा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. घट्टपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोमही मऊ असू शकतो. दोन्ही वेगवेगळं विचारून घ्यायचं.

आणि ४०४, फोमचं नंतर बघू. आईंना नेमकं कुठे दुखतं? माकडहाड, बसायची हाडं, मांड्या, गुडघे की खांदे? तुमच्या अंदाजाने सांगू नका. त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

ए ३०४, ८:१५
पार्किंगमध्ये पांढऱ्या कारचा आतला लाइट चालू राहिलाय. कुणाची आहे बघा.

बी ४०४, ८:३१
ताई, विचारलं. आईचे शब्द जसेच्या तसे: "आधी गुडघे भरून येतात. मग माकडहाड. आणि तू ब्रेक मारलास की मी पुढे घसरते, म्हणून सगळा वेळ मागचा दांडा धरून ठेवते, त्यात खांदे जातात." मी आठ वर्षं ही गाडी चालवतोय आणि ती घसरते हे मला आज कळलं. फार वाईट वाटलं.

सी २०२ ताई, ८:३८
वाईट वाटून घेऊ नका, पुढे बसणाऱ्याला ते जाणवतच नाही. पण उत्तर मिळालं बघा. घसरतात म्हणजे सीटला पुढे उतार आहे. गुडघे भरतात म्हणजे सीट आणि फूटरेस्ट यांत अंतर कमी पडतंय. जेल पॅडने यातलं काहीच सुटणार नाही, उलट गुळगुळीत पॅडवरून जास्त घसरतील.

डी २०१, ८:४०
पॅड वाईट नाही हो. भार पसरवतं. फक्त गाडी उन्हात उभी असली की तापतं आणि लवकर गार होत नाही, हे मात्र खरं.

डी ३०३ काका, ९:१०
आत्ता वाचलं. सीट उघडायच्या आधी एक सांग बाळा. तुझ्या मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगजवळचं फिरवायचं कडं कितव्या खाचेवर आहे?

बी ४०४, ९:२२
काका, खाली जाऊन बघितलं. पाच खाचा आहेत, दोन्ही पहिल्यावर. गाडी घेतल्यापासून हातच लावलेला नाही.

डी ३०३ काका, ९:४५
मग सुरुवात तिथून कर. पहिली खाच एकट्यासाठी असते. मागे माणूस बसला की स्प्रिंग आधीच बरीच दबते, खड्ड्यात पुढे दबायला जागा उरत नाही आणि शॉकअप तळाला आपटतो. तो दणका थेट माकडहाडात. फोम कितीही चांगला असला तरी तो दणका त्याला झेपत नाही, कारण दोघांची कामं वेगळी. इंजिन ६००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला १०० फेरे. ती बारीक थरथर फोम आणि फूटरेस्टचं रबर खातं. रस्त्याचे मोठे हेलकावे मात्र शॉकअपनेच गिळायचे असतात. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेला सेकंदाला साधारण ५ वेळा हललं की सगळ्यात जास्त हादरतं. मणक्याला त्रास देतं ते हे.

टूलकिटमध्ये सी पाना असेल, त्याने फिरव. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात. एक डावी तिसऱ्यावर आणि उजवी दुसऱ्यावर असं चालणार नाही. आणि हे लक्षात ठेव की खाच वाढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचा मागचा भाग फक्त वर उचलला जातो. म्हणजे खाली दबायला जागा परत मिळते.

किती वाढवायची ते मोजून ठरव. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी ठेव आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घे. मग तुम्ही दोघं बसा आणि तिसऱ्याला तेच माप घ्यायला सांग. मागचं चाक वर-खाली जास्तीत जास्त जेवढं हलतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हा फरक असावा. मी टेप घेऊन येतो.

टायरची हवाही बघ. दोघांसाठी मागच्या टायरला वेगळा आकडा असतो, चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात मिळेल. टायर गार असताना मोजायची. आणि आरामासाठी कमी हवा ठेवायची असं मनातही आणू नको.

सी २०२ ताई, ९:५२
काका, एक शंका. मागची बाजू वर आली की सीटचा पुढचा उतार आणखी वाढेल ना?

डी ३०३ काका, ९:५५
अगदी बरोबर बोललीस. म्हणून आधी शॉकअप लावायचा, मग दोघं बसलेले असताना उतार मोजायचा. उलटं केलं तर सीटचं काम दोनदा करावं लागेल.

ए १०२ काकू, १०:३०
मला पाने-फोम कळत नाही, पण मागे बसण्यातलं कळतं. मागच्याला खड्डा दिसत नाही रे. पुढच्याचं अंग आधीच सावध झालेलं असतं, आपण बेसावध. आमचे हे गतिरोधक आला की "आला" एवढंच म्हणतात. तेवढ्यात पायावर थोडा भार घेऊन अंग उचलता येतं. तू पण आईला आधी सांगत जा. आणि ब्रेक लांबून, हळू लाव.

बी ४०४, १०:३६
हे आजपासूनच करतो काकू.

रविवार

बी ४०४, दुपारी १२:२०
अपडेट. डी ३०३ काका सकाळी आले होते. खाच तिसऱ्यावर आणली, हवा स्टिकरप्रमाणे भरली. आईला घेऊन दोन फेऱ्या मारल्या. गतिरोधकावर आधी जो 'ठक्क' आवाज यायचा तो बंद झाला! हेडलाइट आता खाली आलाय, तो संध्याकाळी भिंतीवर बघून लावणार. आम्ही दोघं बसलेले असताना काकांनी आईच्या सीटच्या कडेला मोबाइल ठेवून लेव्हलच्या ॲपवर उतार बघितला. पुढे ७ अंश. सीटपासून फूटरेस्टपर्यंत ४१ सेंमी.

सी २०२ ताई, १२:३४
७ अंश म्हणजे घसरणारच. आईंच्या बाजूची लांबी किती? ३० सेंमी धरली तर पुढच्या टोकाला साडेतीन सेंमीच्या वर भर लागेल आणि मागे शून्य. पाचरीसारखा तुकडा. पूर्ण सपाट नको, अंशभर उतार मागच्या बाजूला ठेवला तर ब्रेकला बरं पडतं, पण जास्त केला तर गाडी सुटताना मागे जायची भीती वाटते.

पण लगेच कापाकापी नको! आधी जुन्या योगा मॅटचे तुकडे एकावर एक ठेवून पाचर करा. त्यावर घसरणार नाही असं कापड, मग पट्ट्याने घट्ट आवळून गल्लीतच हळू फिरवून आणा. आईंना विचारा. थर काढा, घाला, परत विचारा. आमच्याकडे यात अख्खा दिवस गेला होता, पण नंतर सीट परत उघडावी लागली नाही.

आणि एक माप घ्या. खोक्याचा पन्हळीचा पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा आणि आईंना त्यावर दोन मिनिटं बसवा, पाय जरा उंचावर. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत माप घ्या. दोन्ही हाडं सीटच्या सपाट भागावर यायला हवीत. मागची सीट निमुळती असली की हाडं उतरत्या कडेवर जातात आणि सगळा भार मधे, माकडहाडावर येतो.

बी ४०४, सायंकाळी ५:४८
ताई, पुठ्ठ्याची युक्ती कमाल आहे. आईचं माप १३ सेंमी. सीटचा सपाट भाग तिथे जेमतेम १२! म्हणजे ती इतकी वर्षं कडांवर बसत होती. योगा मॅटचे चार थर पुढे आणि मागे एक, असं तिला बरं वाटलं. पाचवा टाकला तर म्हणाली, "आता मी मागे पडेन."

डी २०१, ६:०२
फूटरेस्टच खाली घेतले तर? गुडघ्यांना लगेच आराम.

डी ३०३ काका, ६:१०
त्या गाडीसाठी तयार, बोल्टने बसणारा जोड मिळत असेल तर ठीक. फूटरेस्ट कापून वेल्डिंग अजिबात करू नका. माणूस त्यावर सगळा भार देऊन चढतो. वळणावर ते जमिनीला टेकणार नाहीत आणि सायलेन्सरपासून पाय लांब राहील हेही बघावं लागतं. आधी सीट होऊ दे, तिची उंची वाढली की गुडघ्यांना जागा मिळेलच.

बुधवार

बी ४०४, रात्री ९:१५
आज सीट उघडली. मागच्या बाजूने पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलल्या, पक्कडने ओढल्या. रेक्झिन बाजूला केल्यावर जे दिसलं ते बघून मी गप्पच झालो. आईच्या जागी फोममध्ये दोन खळगे, बोटाचं एक पेर बुडेल एवढे. पुठ्ठ्यावरचे खळगे त्यावर ठेवले तर तंतोतंत. आणि एका कडेला फोम ओला.

सी २०२ ताई, ९:२४
ओला फोम पूर्ण वाळू द्या, घाई नको. खळगे सरळ कापून चौकोनी करा आणि त्यात घट्ट फोम भरा, वर पाचर. कापायला हॅकसॉचं पातं, आकार द्यायला जाड सँडपेपर. कडेला भर घालून सपाट भाग रुंद करून घ्या, पण मांडीखालची पुढची कड गोल ठेवा, टोकदार राहिली तर पायातलं रक्त अडतं. फोम चिकटवायचं सोल्युशन फक्त कडांना लावा, बसायच्या जागी नको. वाळल्यावर त्याचा कडक थर होतो आणि तो टोचतो.

ए ५०२, ९:३०
वरचा थर मेमरी फोमचा चालेल का? तो १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या सीटकरता शोधला होता ना?

सी २०२ ताई, ९:३९
हो, तोच. अंगाच्या उबेने आकार घेतो, पण थंडीत कडक होतो. पातळ थर म्हणून चालेल, सगळी सीट त्याची नको. ४०४, रेक्झिनच्या आत प्लास्टिकचा पातळ कागद घाला म्हणजे पाऊस आत उतरणार नाही. रेक्झिन तासभर उन्हात ठेवून मगच ताणा, सुरकुत्या राहत नाहीत.

डी ३०३ काका, ९:४४
माझ्याकडे पिना मारायची गन आहे, घेऊन जा. पिना ६ एमएमच्याच मार, लांब पिना प्लास्टिकमधून आरपार जातात. आणि सीट परत बसवताना खालची चारही रबरं आहेत ना ते बघ. एक जरी नसेल तर सीट डुगडुगते.

बी ४०४, ९:५०
एक रबर नाहीये काका! उद्या घेतो.

पुढचा शनिवार

बी ४०४, दुपारी १:०५
मावशीकडे पोचलो. न थांबता. आता सीट ते फूटरेस्ट साडेचव्वेचाळीस सेंमी, उतार जवळजवळ शून्य. एक गोष्ट मात्र जाणवली, आई आता वर बसते त्यामुळे अगदी हळू वळताना गाडी जरा जड लागते. सवय करतोय. फोन आईला देतो, तिला लिहायचंय.

बी ४०४, १:१४
मी आई लिहितेय. सगळ्यांनी वेळ काढून सांगितलंत, बरं वाटलं. आज दांडा धरावा लागला नाही, हात मांडीवर ठेवून बसले होते. उतरल्यावर लगेच चालता आलं. गुडघे थोडे भरलेत, पण आधीच्या निम्मेही नाहीत. फक्त उजव्या बाजूला नवीन शिवण आहे ती मांडीला टोचते.

सी २०२ ताई, १:२०
काकू, शिवण वर नकोच, खाली कडेला घ्यायला हवी. वर राहिली तर तिथूनच पाणीही शिरेल. ४०४, नवीन रेक्झिन लागेल. बसायच्या जागी एकच सलग तुकडा, जोड दोन्ही कुशींना.

बी ४०४, १:२२
उद्या परत उघडतो. काका, गन अजून माझ्याकडेच आहे.