फुकासेचे कावळे: दुःख फोटोत असतं का आपण स्टोरी ऐकून ते त्यात बघतो?

ग्रेनवाला_सांगली

मासाहिसा फुकासे या जपानी फोटोग्राफरचं कावळ्यांचं पुस्तक (१९८६ चं) मित्राकडे बघायला मिळालं. १९७६ ला त्याचा आणि योकोचा घटस्फोट झाला, त्याच सुमारास हा आपल्या मुलखात, होक्काइडोला गेला आणि कावळे टिपायला लागला, ते पार १९८२ पर्यंत. एका फोटोत रात्री झाडावर अख्खा थवा बसलाय, फ्लॅश मारलाय, नुसत्या काळ्या आकृत्या आणि त्यात चमकणारे डोळे. बघून पोटात खड्डा पडला माझ्या. तोच फोटो आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर टाकला तर जुनी मंडळी म्हणाली ग्रेन (फिल्मचे खरखरीत दाणे) फार आहे, शार्पनेस नाही, आणि घटस्फोटाचं माहीत नसतं तर तू दुसऱ्यांदा बघितलाही नसतास. ग्रेनचं सोडा, पण हे दुसरं मला लागलं. स्टोरी काढून घेतली तर त्या फोटोत खरंच काय उरतं?

डार्करूम_ताई

ग्रेनचं का सोडायचं, तिथंच तर सगळं आहे. १९६० ला अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमधे प्रचंड मोर्चे निघाले, संसदेपाशी एक विद्यार्थिनी मेली. हिरोशी हामाया या फोटोग्राफरनं ते आंदोलन रस्त्यावर उतरून टिपलं, बातमीसारखे स्पष्ट फोटो. तरी करार झालाच, आणि हामाया पुढं डोंगर, ज्वालामुखी, निसर्गाकडे वळला. मग १९६८, परत विद्यापीठांत संप, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे, आणि त्या नोव्हेंबरात ताकुमा नाकाहिरा, युताका ताकानाशी, कोजी ताकी आणि कवी ताकाहिको ओकादा यांनी 'प्रोव्होक' हे फोटोंचं नियतकालिक काढलं, दुसऱ्या अंकापासून फोटोग्राफर दाइदो मोरियामा आला. अंक निघाले तीनच. खरखरीत, हललेले, फोकस नसलेले फोटो त्यांनी मुद्दाम छापले, कारण स्वच्छ फोटो बघणाऱ्याला आपल्याला सगळं कळलं असं वाटायला लावतो, आणि तो भरवसाच त्यांना मोडायचा होता. नाकाहिरानं तर पुढं स्वतःच्या त्या शैलीवरच शंका घेतली आणि आपल्या बऱ्याच निगेटिव्ह जाळून टाकल्या. म्हणजे हे लोक किती मनापासून करत होते बघा, आज त्याचाच प्रीसेट, म्हणजे तयार फिल्टर, मिळतो मोबाइलवर.

फुकासे प्रोव्होकमधे नव्हता हे लक्षात ठेव, पण हवा तीच होती. रस्त्यावरच्या रागासाठी जे दिसणं तयार झालं ते त्यानं घरातल्या पडझडीला वापरलं असं मला वाटतं.

नीलाक्षी_जे

मला यात योकोची बाजू राहून जाते त्याचा त्रास होतो. १९७३ मधे तो रोज सकाळी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून, कामाला निघालेल्या योकोचे फोटो काढायचा. खाली रस्त्यावर ती, मान वर करून, रोज वेगळे कपडे, कधी हसतेय, कधी तोंड वेडावतेय. फार सुंदर फोटो आहेत, पण त्याच वर्षी तिनं लिहिलं की इतक्या वर्षांत यानं मला फक्त लेन्समधूनच पाहिलं आणि माझे म्हणून जे फोटो आहेत ते खरं तर त्याचेच आहेत. हे वाचल्यावर कावळे वेगळे दिसतात. त्यात कुणी बाई वापरली जात नाही, तो सरळ स्वतःकडे बघतोय. शेवटी त्यानंच लिहिलं की मीच कावळा झालोय. म्हणून मला कावळ्यांचं काम जास्त प्रामाणिक वाटतं, आणि हे म्हणताना योकोला काय सोसावं लागलं असेल ते विसरायचं नाही.

बापू_कराड

आपल्याला कावळ्यासाठी स्टोरी कशाला लागते हो. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून तासभर उन्हात उभं राहिलेला माणूस तो फोटो बघून आत कुठंतरी हलणारच. फुकासेला आपलं दहावं माहीत असायचं कारण नाही, पण बघणारा काय रिकाम्या डोक्यानं येत नसतो.

बाकी ग्रेनवाला, तू एकच फोटो टाकलास तिथं गोची झाली. पुस्तकात नुसते कावळे नाहीत ना, वाऱ्यानं केस उडालेल्या शाळकरी मुली आहेत, बर्फ आहे, एक नग्न बाई आहे, आणि कावळ्यांमधून जाताना त्या मुलींचे केससुद्धा पंखांसारखे दिसायला लागतात. घटस्फोटाचं अक्षर न वाचताही ते कळतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तो क्रम आहे.

डार्करूम_ताई

बापूंना अनुमोदन. आणि कुणाला ग्रेनशिवाय हेच बघायचं असेल तर मियाको इशिउची ही फोटोग्राफर बघा. तिनं सुरुवात खरखरीत कृष्णधवलनंच केली, अमेरिकन नौदलाचा तळ असलेल्या योकोसुकामधे, जिथं ती वाढली. २००० साली आई गेली, दोघींचं फारसं जमत नव्हतं. मग आईच्या वस्तू टिपल्या, वापरून झिजलेली लिपस्टिक, आतून उजेड सोडल्यासारखा दिसणारा परकर, भाजल्याचा व्रण तर आई असतानाच टिपला होता. हे काम २००५ ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानतर्फे गेलं. त्यानंतर ती हिरोशिमाला गेली आणि बॉम्बमधे सापडलेल्यांचे संग्रहालयात जपलेले कपडे रंगीत फिल्मवर टिपले. फुलाफुलांचा फ्रॉक, शिवण नीट, बटणं शाबूत, आणि मधेच जळलेली भोकं. आईच्या परकराकडे ज्या नजरेनं बघितलं त्याच नजरेनं अनोळखी मुलीच्या फ्रॉककडे.

ग्रेनवाला_सांगली

क्रमाचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. क्लबच्या पुढच्या बैठकीला मित्राकडून पुस्तकच घेऊन जातो, घटस्फोटाचं काही न सांगता पानं उलटायला देतो. ताई, इशिउचीचं आईवालं आधी बघू का हिरोशिमाचं?

डार्करूम_ताई

आईवालं आधी.