प्रति: विशेषण नेहमी नामाच्या आधीच येतं का?
वर कोणीतरी लिहिलंय की इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येतं, संपला विषय. इतकं सोपं नाहीये ते. आपल्याकडे मराठीत जसं अधिविशेषण (नामाच्या आधी येणारं) आणि विधिविशेषण (नामाच्या नंतर येऊन त्याच्याबद्दल सांगणारं) असतं तसंच तिथेही आहे, म्हणजे 'अ हॅपी चाइल्ड' पण चालतं आणि 'द चाइल्ड इज हॅपी' पण, पण खरी गंमत अशी की काही विशेषणं एकाच जागी बसतात. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, पण 'अॅन अस्लीप चाइल्ड' म्हटलं की कानाला खटकतं, तिथे 'स्लीपिंग' लागतं. 'अलाइव्ह'चं पण तेच. कारण म्हणजे त्यातला सुरुवातीचा 'अ' हा जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन'चा झिजलेला तुकडा आहे, म्हणजे मुळात तो 'झोपेत' असा शब्दसमूहच होता, मग तो नामाच्या पुढ्यात कसा बसणार! याउलट 'मेन' बघा, 'द मेन रीझन' ठीक पण 'द रीझन इज मेन' कोणी म्हणत नाही.

आणि जागा बदलली की कधीकधी अर्थच फिरतो. 'द लेट प्रेसिडेंट' म्हणजे बहुतेक वेळा दिवंगत, 'द प्रेसिडेंट इज लेट' म्हणजे बिचाऱ्याला नुसता उशीर झालाय :) 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले.

बाकी 'समथिंग न्यू'मध्ये विशेषण मागे का जातं असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी: समथिंग, नोबडी, एनीवन वगैरेंना विशेषण मागेच लागतं, तिथे पर्याय नाही.