मदत हवी आहे: कुंडीतल्या जास्वंदीची मुळं कोण खातंय?

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. मुलुंडला चौथ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे. ग्रिलमध्ये जास्वंद, वांगी, मोगरा, गुलाब. गणपती झाल्यावर मोठी जास्वंद एकाएकी मलूल पडली. माती ओली, निचऱ्याची भोकं मोकळी, तरी पानं लोंबलेली. काल खोड धरून हलवलं तर झाड अख्खं हातात आलं. तंतुमुळं जवळजवळ संपलेली आणि मातीलगत खोडाची सालसुद्धा कुरतडलेली.

कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढ्या मळकट पांढऱ्या अळ्या निघाल्या. डोकं तपकिरी, अंग किंचित वाकडं. भिंगातून पाहिलं, पाय कुठेच दिसले नाहीत. पावसाळाभर जास्वंदीच्या आणि वांग्याच्या पानांच्या कडांना अर्धगोल खाचा पडत होत्या. आज सकाळी वांग्यावर आखूड सोंडेचा राखाडी किडा सापडला. बोट लागताच पाय आखडून खाली पडला आणि बराच वेळ निपचित होता.

नर्सरीवाल्याने काही न बघताच सांगितलं, "हुमणी आहे, फोरेटचे दाणे टाका." ते तर विषारी कीटकनाशक, आणि घरात लहान मूल आहे, वांगी आम्ही खातो, जास्वंदीवर शिंजीर येतात. नेटवर शोधलं तर सगळीकडे इंग्लंडमधल्या व्हाइन वीव्हिल या सोंडकिड्याचीच माहिती. ती आपल्याकडे लागू पडते का? आणि बाकीच्या कुंड्या वाचवायला आधी काय करू?

प्रतिसाद १
हुमणी नाही, ताई. हुमणीला डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या असतात, स्पष्ट दिसतात, आणि ती चांगली जाडजूड होते. बिनपायाची अळी, कडेला खाचा, सोंडवाला राखाडी किडा, हे सगळं एकत्र आलं की तो राखाडी सोंडा, म्हणजे मायलोसेरस. वांग्यावर नेहमीचा. मोठा किडा पानं खातो, मादी मातीत अंडी घालते, अळ्या मुळांवर जगतात. पानांवरच्या खाचांनी झाड मरत नाही, म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो. खरं नुकसान खाली चाललेलं असतं.

फोरेट अजिबात नको. २०२० अखेरपासून देशात त्यावर बंदी आहे.

व्हाइन वीव्हिल थंड हवेतला. त्याला उडता येत नाही, त्यामुळे तिकडे कुंडीला चिकट पट्टी लावून काम भागतं. आपला सोंडा उडतो. थंड मातीसाठी तिथे सूत्रकृमी (अळ्यांना मारणारा डोळ्यांना न दिसणारा कृमी) विकतात, तोही मुंबईत कामाचा नाही. आपल्यासाठी हेटरोऱ्हॅब्डिटिस इंडिका. तो मुळात कोइमतूरचा, १९९२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, उष्ण मातीत उत्तम चालतो. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत ओता, नंतर काही दिवस माती सुकू देऊ नका. लागू पडला की अळी विटकरी रंगाची होऊन मरते, ते उकरून बघता येतं. तो मिळाला नाही तर मेटाऱ्हायझियम या किडी मारणाऱ्या बुरशीची आळवणी करा, म्हणजे ती पाण्यात मिसळून मुळाशी ओता. त्या काळात कुंडीत बुरशीनाशक घालू नका, नाहीतर हीच बुरशी मरेल.

प्रतिसाद २
एक भर. कंपोस्टमध्ये जाड पांढरी अळी दिसली आणि कागदावर ठेवल्यावर ती पाठीवर सरपटत गेली, तर मारू नका. ती फुलभुंग्याची. कुजलेला पालापाचोळा खाते, जिवंत मुळांच्या वाटेला सहसा जात नाही. लोक घाबरून तिलाही चिरडतात, फार वाईट वाटतं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सूत्रकृमी मागवते. तोवर मोठ्या किड्यांचं काय करू? आणि जास्वंदीच्या शेंड्याकडच्या फांद्या अजून हिरव्या आहेत, त्या लावू का?

प्रतिसाद १
लावा, लगेच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या घ्या, खालची पानं काढा, नव्या मातीत सावलीत ठेवा. जुनी माती त्यात मिसळू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ती ओलसर करून भरा, तोंड घट्ट बांधा आणि ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर काही आठवडे राहू द्या. कुंडी घासून धुवा.

किड्यांसाठी सकाळी लवकर झाडाखाली उघडी छत्री उलटी धरा आणि फांद्या झटका. मेल्याचं सोंग घेऊन ते आपोआप छत्रीत पडतात. तिथून साबणाच्या पाण्यात. रोज करा, अंडी घालणाऱ्या माद्या कमी होणं महत्त्वाचं आहे. मोगरा आणि गुलाब उगाच उपटू नका, कडेची माती बोटभर उकरून बघा. अळी सापडली तरच कुंडी उपडी करायची.