मदत हवी आहे: रस्सा झणझणीत, पण चिकनचे पीस आतून फिके का?

एकटा कढईवाला

मंडळी, नमस्कार.

मूळचा कराडचा, गेली तीन वर्षं हिंजवडीत. खोलीवर आम्ही तिघं. स्वयंपाक मी करतो, बाकीचे दोघं भांडी घासतात आणि मतं देतात. दर रविवारी एक किलो चिकन ठरलेलं. रस्सा बरा होतो. रंग येतो, तर्री येते, तिखट इतकं की नाक गळायला लागतं. पण पीस दाताखाली आला की सगळं ओमफस. वरचा मसाला रश्श्यात धुऊन गेलेला, आत पांढरं आणि कोरडं. काल लेग पीस तोडला तर हाडालगतचं मांस उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. मित्र म्हणाला, "रस्सा वाढ, पीस तुझे तूच खा."

मसाल्याला दोष देता येत नाही, कारण कांदा-लसूण मसाला आईच्या हातचा आहे, दर उन्हाळ्यात डबा भरून येतो. चिकन कोपऱ्यावरच्या दुकानातलं, ब्रॉयलर, करी कट. आणलं की तीन पाण्यांनी धुतो. शनिवारी रात्रीच दही, हळद, तिखट आणि आलं-लसूण पेस्ट (पाकिटातली, रागवू नका) लावून फ्रिजमध्ये. मीठ लावत नाही, पाणी सुटतं असं कुठंतरी ऐकलंय. रविवारी कुकरमध्ये तेल, कांदा, टोमॅटो, मसाला, चिकन, दोन ग्लास पाणी, चवीपुरतं मीठ आणि तीन शिट्ट्या.

आईला विचारलं तर म्हणते, "अंदाजानं घालायचं रे." तिच्या अंदाजाला तीस वर्षं झाली, माझा अजून शिकाऊ आहे.

नेमकं चुकतंय कुठं? दोन रात्री मुरवून बघू का?

रंकाळाकाठ

दोन रात्री नको रे बाबा, दह्यात त्याचा लगदा होईल. वरून पिठूळ आणि आतून तसंच फिकं.

तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे. "मीठ लावत नाही" आणि "दोन ग्लास पाणी". या दोन गोष्टी बदल, बाकी सगळं तसंच ठेवलंस तरी फरक पडेल.

आमच्याकडं चिकन असो की मटण, आधी हळद, मीठ, आलं-लसणाचा गोळा चोळायचा आणि पातेल्यात थोड्या तेलावर परतायचं. वरून पाणी नाही. पातेल्यावर खोलगट ताटली ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. आतली वाफ गार ताटलीला लागते, थेंब होऊन परत चिकनवर पडते. दहा मिनिटांनी ताटली उचलून बघ, थेंबभर पाणी न घालता बुडाला वाटीभर पाणी सुटलेलं असतं. तेच अळणी पाणी, म्हणजे बिनतिखटाचा रस. ताटलीतलं पाणीही तोवर गरम झालेलं असतं, रस्सा वाढवायला तेच घ्यायचं. गार पाणी ओतलंस की उकळी बसते आणि चवही उतरते.

पीस त्यांच्या अंगच्या पाण्यात शिजले तर चव त्यांच्यात राहते. दोन ग्लासांत बुडवलेस तर ती रश्श्यात जाणार. तुझा रस्सा छान होतो तो त्यामुळेच!

प्रयोगशाळा बंद आहे

वरच्या प्रतिसादाला +१. थोडं शास्त्र माझ्याकडून.

मीठ लावलं की पाणी सुटतं हे खरं, पण अर्धंच. पहिली दहा-पंधरा मिनिटं सुटतं. मग मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि हळूहळू आत जायला लागतं. आत गेलं की मांसातली प्रथिनं थोडी सैल करतं, आणि शिजताना पाणी धरून ठेवायची त्यांची ताकद वाढते. म्हणून आधी मीठ लावलेला पीस चवीलाही लागतो आणि कोरडाही पडत नाही.

हळद, मिरची, गरम मसाल्याचं तसं नाही. त्यांचा रंग आणि वास मुख्यतः तेलात उतरतो, मांसात पाणीच जास्त. रात्रभर ठेवलं तरी ते वरच्या पापुद्र्याच्या फारसे खाली जात नाहीत. म्हणजे तू जे आत जाऊ शकतं तेवढंच बाजूला ठेवलंस आणि जे जाऊ शकत नाही ते रात्रभर लावून ठेवलंस. हलके घ्या.

एक किलोला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे अडीच चमचे, सपाट. कमीत कमी एक तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. दही लावायचं तर दोन-तीन तास आधी.

आणि कुकर. आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. चिकन 74 अंशांना शिजतं. ब्रॉयलर असतो पाच-सहा आठवड्यांचा, त्याचं मांस मुळातच कोवळं. त्याला तीन शिट्ट्या म्हणजे शिक्षाच. गावठी कोंबडी असेल तर कुकर काढ, नाहीतर पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं पुरे.

एकटा कढईवाला

बाप रे, म्हणजे तीन वर्षं उलटंच चाललंय. एक शंका: दुकानदार चिकन पाण्यात बुचकळून देतो, पिशवीत पाणी साठलेलं असतं. मीठ लावलं तर ते आणखी पातळ होणार नाही का?

खोबरं जास्त घाला

होणार. चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, मग मीठ लावा. ओल्या पीसला मसाला चिकटतही नाही आणि परतलाही जात नाही, नुसता उकडतो.

धुण्यावरून इथं दर वेळी भांडणं होतात म्हणून एवढंच सांगते: नळाखाली जोरात धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. जंतू शिजताना मरतात, धुऊन जात नाहीत. माझ्या सासूबाईंना हे पटलेलं नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या रेसिपीत भाजलेलं काहीच नाही! वाटण कुठाय? कांदा-टोमॅटो परतून कुकर लावला की सगळं फार तर 120 अंशांवर पाण्यात शिजत राहतं. खमंगपणा यायला 140 अंशांच्या वर जावं लागतं, आणि पाणी आहे तोवर ते होत नाही. 1912 मध्ये मेलार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं याच्यावर लिहिलं. आपल्या आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून कांदा निखाऱ्यात खुपसत होत्या.

एक किलोला: दोन मध्यम कांदे उभे चिरून, अर्धी वाटी सुकं खोबरं, एकेक चमचा खसखस आणि तीळ, दहा-बारा लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबीर. कांदा चमचाभर तेलावर गडद तांबूस होईपर्यंत भाजायचा, गुलाबीवर थांबायचं नाही. खोबरं वेगळं, मंद आचेवर. हात थांबला की ते करपतं आणि करपलेलं खोबरं आख्खा रस्सा कडू करतं, त्यावर उपाय नाही. गार झाल्यावर कमी पाण्यात वाटा. मग हे वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परता. कडेनं तेल दिसायला लागलं आणि कच्चा वास गेला की कांदा-लसूण मसाला घाला, अर्धं मिनिट हलवा आणि शिजलेले पीस त्यात सोडा. पाच मिनिटं तसेच घोळवा. रश्श्याचं गरम पाणी त्यानंतर.

ती पाच मिनिटं सोडू नका. मसाला आत जात नाही म्हणताय ना, मग निदान बाहेर तरी घट्ट बसू दे.

म्हादईकाठी

गोव्यातून. आमच्या शाकुतीतही (भाजलेल्या मसाल्याचा चिकनचा रस्सा) हीच गोष्ट. धणे, सुक्या मिरच्या, खसखस, चक्रीफूल, खोबरं, प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. सगळं एकदम टाकलं तर खसखस जळते आणि धणे कच्चे. शेवटी जायफळ किसून. कंटाळवाणं काम आहे, पण शॉर्टकट मारलेली शाकुती लगेच ओळखू येते.

थंडीत कुडकुडणारी

जर्मनीत असते. इथल्या सुपरमार्केटात पांढरं, बिनहाडाचं ब्रेस्ट मिळतं आणि नवीन आलेली सगळी मराठी मुलं तेच घेऊन रस्सा करतात. मग इथं येऊन विचारतात. मांडीचे, हाडासकट तुकडे घ्या. तुर्की दुकानात सहज मिळतात. ब्रेस्ट जरा जास्त शिजलं की दोरखंड होतं, मांडी दहा मिनिटं जास्त शिजली तर उलट मऊ होते. धागाकर्त्यांनाही हेच: दुकानदाराला सांगून छातीचे पीस कमी, तंगड्या जास्त घ्या. मानही टाकून देऊ देऊ नका, रश्श्याला अंग येतं.

एकटा कढईवाला

आज रविवार. अहवाल देतो.

शनिवारी रात्री निथळवून मीठ-हळद लावली. वजनकाटा नव्हता, चमच्यानं मोजलं. आलं-लसूण खलबत्त्यात कुटलं (शेजारच्या काकूंचा आणला). ताटलीचा प्रयोग बघायला दोघंही रूममेट ओट्याशी उभे. खरंच पाणी सुटलं, जवळजवळ दीड वाटी! त्यातलं अर्धं एकानं उभ्याउभ्या प्यायलं.

पहिलं खोबरं करपलं, टाकून दिलं. दुसरं जमलं.

पीस: मंडळी, पहिल्यांदा हाडाजवळ चव लागली. मांस रसरशीत. मित्रानं रस्सा सोडून पीस मागितले.

पण रस्सा खारट झाला. रश्श्यात सवयीनं नेहमीचं मीठ घातलं हे एक कारण, ते कळलं. तरी इतका खारट कसा, म्हणून आईला फोन केला. तर म्हणते, "मसाल्यात मीठ असतंच की. कुटतानाच घालते मी, टिकायला."

तीन वर्षं डबा येतोय. हे आज कळलं.

रंकाळाकाठ

हाहाहा! म्हणजे तुझ्या रश्श्याला मीठ मसाल्यातूनही मिळत होतं आणि पीस कायमचे उपाशी.

पुढच्या वेळी पीसला अडीचऐवजी दोन चमचे, रश्श्यात शून्य. उकळी आल्यावर चाखून बघ, मगच ठरव. आजचा रस्सा उरला असेल तर वाटीभर गरम पाणी आणि थोडं बिनमिठाचं खोबऱ्याचं वाटण घालून उकळ.

एकटा कढईवाला

उरला नाही. खारट असूनही.